जिनिंगमागची डब्यांची बाग

माझी नणंद आमच्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती आणि तिचा सासरा होता. सासरा फाटकापर्यंत आला, पेटी खाली ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरला. "थोडे दिवस माहेरी राहू द्या तिले," एवढंच तो चौकीदाराला सांगून गेला. माहेर म्हणजे आम्हीच. माझे सासू-सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच वारले होते. तिला एक भाऊ तेवढा उरला होता, आणि त्या भावाच्या घरात मी होते, तिच्याहून चार वर्षांनी लहान.

आम्ही तेव्हा बाभुळगावाबाहेर एका जिनिंग फॅक्टरीच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या आवारात राहायचो. हे तिथं फिटर होते. क्वार्टर म्हणजे एक खोली, पुढं ओसरी, मागं पडवी आणि वर टिनं. मागच्या दारात उभं राहिलं की समोर सरकीचे ढीग, त्यापलीकडे इंजनघर आणि इंजनघराला लागून पाण्याचा मोठा हौद. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या सालातली ही गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. कापूस यायचा होता, त्यामुळं आवारात अजून शांतता होती.

नणंदेचं सासर ढाणकीला. नवरा धान्याच्या अडतीवर बसायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. यापुढं कोणी काही सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मी तिला बाई म्हणायचे, ती मला वहिनी. पहाटे उठून ती जात्यावर बसायची. धुणं, भांडी, सारवण, मला कशालाच हात लावू द्यायची नाही. सगळं उरकलं की मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची, ती थेट चुलीची वेळ होईपर्यंत. काही विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून बोलायची नाही. हे कामावरून आले की तिच्याकडं पाहायचे, काहीतरी बोलायचं म्हणून जवळ जायचे आणि "जेवली काय?" एवढं विचारून परत यायचे.

त्या मागच्या दाराशी आमच्या आधीच्या फिटरच्या बायकोनं टाकून दिलेला एक अर्धा कापलेला रॉकेलचा डबा होता. त्यात माती होती आणि एक वाळकी काडी. बाई तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्यात ओतू लागली. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, कुठंतरी ओतायचंच ना. पंधरवड्यानं त्यात हिरवं दिसलं. मग ती पाणी ओतायला वेळ लावू लागली. एकदा मी पाहिलं, ती डब्याजवळ उकिडवी बसून त्या कोंबाभोवतीची माती बोटानं मोकळी करत होती.

कोंब वाढला, पानं मोठी झाली, आणि मला हसू आवरेना.

"बाई, हा तर आघाडा हाय. तिकडे नाल्याच्या काठानं पायाले चिकटते ना, थोच."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता रडते. पण ती हसली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा. "माह्या हातानं आघाडाच निघन," ती म्हणाली, आणि पुन्हा हसली. त्या दुपारी तिनं तो उपटला नाही. दुसऱ्या दिवशी उपटला आणि मला म्हणाली, "वहिनी, खरंच काही लावू काय आपण?"

मी शेतकऱ्याच्या घरची. कापूस, ज्वारी, तूर यांच्यात वाढलेली. मला वाटायचं, झाड लावण्यात काय शिकायचं आहे? पण शेतातलं पीक आणि डब्यातलं झाड यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे त्या वर्षी कळलं. शेतात झाडाला मुळं खोल नेता येतात. उपाशी राहिलं तर ते खाली शोधतं. डब्यात मात्र त्याला जे द्यायचं ते आपणच द्यायचं, आणि चुकलो तर त्याला दुसरीकडं जायला जागा नाही.

आम्ही सगळ्या चुका केल्या. रिकामे डबे गोळा केले, शेतातली काळी माती आणून ते गच्च भरले आणि त्यात मेथी, कोथिंबीर पेरली. वर पाणी घातलं की चिखल व्हायचा, दोन दिवसांनी त्याचा दगड. दगड डब्याच्या कडेपासून सुटायचा आणि घातलेलं पाणी त्या फटीतून खाली जायचं. वरून ओलं दिसायचं, आत कोरडं ठणठणीत. मेथीचे चार कोंब आले ते तसेच वाळले. मग कोणीतरी म्हणालं खत पाहिजे. सरकीची ढेप, म्हणजे पेंड, हाताशी होती, म्हणून आम्ही ती मूठमूठ टाकली. ढेप आत कुजली, तापली, वास सुटला, मुंग्या आल्या. डब्यात हात घातला तर माती गरम लागायची. मिरचीची रोपं दोन दिवसांत खालून काळी पडली.

"जास्त जेवू घातलं आपण," बाई म्हणाली.

पुढच्या वेळी आम्ही भीतीनं फक्त पाणी घातलं आणि रोपं पिवळी पडून सडली, कारण डब्यांना खाली भोकंच नव्हती. हे लक्षात यायला आम्हाला महिना लागला. बाईनं रात्री जेवताना भावाला सांगितलं, "दादा, डब्याइले भोकं पाडून देता काय?" तिनं भावाजवळ पहिल्यांदाच काही मागितलं होतं. हे जेवण अर्धं सोडून उठले. हातोडा आणि पंच घेऊन पडवीत बसले आणि घरातल्या सगळ्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडली, एका चांगल्या डब्यालाही. मी ओरडले तेव्हा म्हणाले, "राहू दे. तिले लागन थो."

मग नाल्याची रेती आणली, जुनं शेणखत आणलं आणि काळ्या मातीत अर्धंअर्ध मिसळलं. मातीत बोट घालून पाहायचं, ओलं लागलं तर पाणी घालायचं नाही, एवढं आम्हाला जमू लागलं. वांग्याची रोपं जगली, मिरचीची जगली. आणि तेवढ्यात कापूस आला.

ज्यांनी जिनिंगच्या आवारात दिवस काढले नाहीत त्यांना हे सांगून कळणार नाही. सकाळचा भोंगा झाला की हवेत रुईची धूळ उडायला लागायची ती रात्री दुसरी पाळी सुटेपर्यंत. भाकरीवर, पाण्यावर, पापण्यांवर, सगळीकडं पांढरं. बाईची रोपं दोन दिवसांत अशी दिसायला लागली की कोणी त्यांना पिंजलेल्या कापसात गुंडाळून ठेवलंय. पानांवर ती धूळ बसली की दंवानं तिथंच चिकटायची आणि खाली पान गुदमरायचं. बाई ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायची. खालचा हात पानाखाली धरायचा आणि वरून हलकं फडकं फिरवायचं, बाळाचं तोंड पुसावं तसं. संध्याकाळी पुसलेलं पान सकाळी पुन्हा पांढरं. ती पुन्हा पुसायची. शेजारच्या क्वार्टरमधली तोलाईवाल्याची बायको हसायची. "धूळ सरन पण तुमचं फडकं नाई सरणार," म्हणायची. बाई पुढचं पान हातात धरायची.

जिनात कामाला येणारी एक बाई दुपारच्या सुट्टीत आमच्या ओसरीच्या सावलीत भाकर खायला बसायची. तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली होती. ती पाहायची बाई पानं पुसताना. एकदा म्हणाली, "मोगरा लावता काय? आमच्या अंगणात लय माजला. आधी मरीमायले हार जाये, आता आमी तिथं जात नाई. फोटोपुढं लागतात तेवढी घेतो, बाकी झडून जाते." दुसऱ्या दिवशी तिनं मातीला टेकून मुळ्या फुटलेली एक फांदी ओल्या फडक्यात बांधून आणली. तोलाईवाल्याच्या बायकोनं ते पाहिलं, आणि त्यानंतर आमच्याकडं विरजण मागायला यायची बंद झाली. बाईनं फांदी घेतली, त्या जिनातल्या बाईला आमच्या घरच्या तांब्यानं पाणी दिलं आणि मला म्हणाली, "सगळ्यात मोठा डबा कोनता?"

मोगऱ्यानं आम्हाला रडवलं. आधी पानं गाळली, मग महिनाभर नुसता उभा राहिला. बाई सकाळी उठून चूल पेटवायच्या आधी त्याच्याकडं जायची. माघात कोंब दिसले. होळीनंतर जिनिंगची पाळी एकच राहिली, धूळ कमी झाली, ऊन वाढलं, आणि चैत्राच्या सुरुवातीला एका फांदीच्या टोकाला कळ्या आल्या. आधी हिरव्या, मग फिकट, मग एका संध्याकाळी पांढऱ्या. बाईनं मला हाक मारली ती अशा आवाजात की मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले.

पहिल्या फुलांचा तिनं गजरा केला आणि माझ्या केसांत घातला. मी म्हटलं, "तुमी घाला ना बाई." ती नको म्हणाली. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी फुलं खुडून मीच गजरा केला आणि तिला धरून बसवलं. ती डोकं खाली घालून बसली. हे कामावरून आले, तिच्याकडं पाहिलं, आणि हातपाय धुवायला गेले. त्या रात्री आम्ही तिघं ओसरीत बसलो होतो. बाई आई-वडिलांच्या गोष्टी सांगत होती, हे हसत होते. त्या घरात आम्ही तिघं मिळून हसलो ती रात्र मला अजून आठवते, कारण तशी दुसरी आठवायला नाही.

त्याच आठवड्यात उमरखेडकडून कापसाच्या गाड्या घेऊन आलेल्या एका माणसानं यांना सांगितलं, की तुमच्या जावयानं दुसरी केली.

हे ढाणकीला जाऊन आले. मोटारीनं जायला एक दिवस, यायला एक दिवस. परत आले तेव्हा तोंड असं होतं की मी आधी पाणी दिलं.

"आता कायदा झाला म्हणतात," मी म्हटलं. "दुसरी करता येत नाई म्हणे."

"म्या म्हटलं ना त्याले. तर थो म्हणे, करा केस. बसलेले लोकं म्हणे, पोरासाठी केलं, काय वाईट केलं? म्हणे तिले कोन हाकललं, तिचं घर हाय, येऊन राहू द्या." यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मले माहीत नाई केस कशी करतात. कोनाले विचारू?"

बाई आत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. ती बाहेर आली, भावाला ताट वाढलं आणि मागच्या दारानं डब्यांना पाणी घालायला गेली. मोगरा त्या महिन्यात भरून फुलला. तिनं गजरा पुन्हा केला नाही. फुलं खुडून त्या जिनातल्या बाईच्या ओटीत घालायची.

वैशाख लागला तशी आवारातली विहीर आटली. मॅनेजरनं घरटी पाणी बांधून दिलं, पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. मी तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होते आणि मला पाण्याचा वाससुद्धा सोसवत नव्हता. बाईनं आंघोळीच्या जागी घमेलं ठेवून खाली सांडणारं पाणी धरलं. भांडी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं सगळं डब्यांना. तेवढ्यानं भागेना. टिनांखालची पडवी दुपारी भट्टी व्हायची, डब्याच्या पत्र्याला हात लावला तर पोळायचं. आत मुळं शिजत असतील हे आमच्या डोक्यात आलं नाही. पोत्याचं बारदान भिजवून डब्यांना गुंडाळायला हवं होतं, हे मला फार वर्षांनी कळलं.

इंजनघराजवळच्या हौदात पाणी होतं. इंजन थंड करायचं पाणी. हंगाम संपून जिनिंग बंद झाली होती, हौदाकडं कोणी फिरकत नव्हतं. बाई सकाळी लवकर बादली घेऊन जायची आणि ते आणून घालायची. पहिले दोन-तीन दिवस झाडं टवटवीत दिसली. मग मातीवर एक पातळ, इंद्रधनुष्यासारखा चमकणारा थर दिसू लागला. वांग्याची पानं कडांनी काळी पडली, मिरची वाकली.

यांनी रविवारी पाहिलं. बोटानं माती उचलून नाकाशी नेली.

"बाई, हे पानी कुठून आणलं?"

"हौदातून."

"अवं, त्यात तेल हाय. इंजनाचं सगळं तेल त्यात उतरते." आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मले विचारायचं ना."

बाईनं त्याच उन्हात सगळे डबे रिकामे केले. माती फेकली, मुळं साबणाच्या पाण्यानं धुतली आणि नवीन मातीत रोपं लावली. मी मदत केली. आम्ही दोघी घामानं भिजलो होतो आणि घाईघाईनं करत होतो, जणू उशीर झाला तर कोणी विचारणार आहे. आज वाटतं, त्यांना तसंच सावलीत ठेवून चार दिवस हात लावला नसता तर काही जगली असती. पण मरत्या झाडाजवळ हातावर हात ठेवून बसणं आम्हाला शिकवलं नव्हतं. मुळं तुटली, ऊन लागलं, आणि संध्याकाळपर्यंत वांगी-मिरची सगळी मान टाकून पडली. मोगऱ्याची एक फांदी आठ दिवस हिरवी राहिली. मग तीही तपकिरी झाली. बाईनं नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं नव्हतं. तिनं थोडं खाली खरवडलं, अजून खाली, पार मातीपर्यंत. मग हात पदराला पुसला.

पाऊस आला, पण आम्ही काही लावलं नाही. मी म्हटलं होतं, "त्या बाईले पुन्हा एक फांदी मागू." बाई म्हणाली, "पाहू." रिकामे डबे पावसानं भरले, त्यात डास झाले, म्हणून यांनी ते पालथे घातले.

पोळ्यानंतर तिचा सासरा आला. या वेळी ओसरीवर बसला, चहा घेतला. दुसऱ्या सुनेला दिवस गेले होते, तिला उठता येत नव्हतं, अन्न पोटात ठरत नव्हतं. घरात करायला कोणी नाही. "मोठीचंच घर हाय थे," तो म्हणाला. "आमी कधी नाई म्हटलं काय?"

यांनी खाली पाहत म्हटलं, "तिले विचारा."

मी दाराआडून म्हटलं, "बाई, नका जाऊ." मोठ्यानं म्हटलं, सासऱ्यानं ऐकावं म्हणून. यांनी वळून पाहिलं, पण मला गप्प केलं नाही.

बाई पेटी भरायला लागली होती. मी आत गेले, तिचा हात धरला. ती म्हणाली, "वहिनी, तुह्य बाळंतपण होईन. ह्या एका खोलीत मी कुठं निजू?"

"पडवीत निजू आपण दोघी."

"आज निजशीन. मंग?" तिनं लुगडी घडी करून पेटीत ठेवली. "इथं म्या काय करू? झाडंही नाई जगत. तिथं काम तरी हाये."

"सवतीची सेवा करान तुमी?"

"तिनं काय केलं? तिले तरी कोनी विचारलं होतं काय?"

यांनी फाटकापर्यंत पेटी नेली. मी ओसरीवरच उभी राहिले. ती वळून पाहीलच असं वाटलं होतं, पण सासरा पुढं चालत होता आणि ती त्याच्या मागं भराभर चालत होती.

मला मुलगी झाली. पुढच्या हंगामात धूळ पुन्हा उडायला लागली तेव्हा मी मुलीच्या पाळण्यावर ओलं लुगडं टाकून ठेवायचे, ते दिवसातून तीनदा धुवायचे. आमच्या मागच्या दाराशी कुणी काही लावलं नाही. त्या जिनातल्या बाईनं एकदा विचारलं, "तुमची नणंद कवा येते?" मी म्हटलं, येईल.

ती आली नाही. पाच वर्षांनी एका लग्नासाठी आम्ही उमरखेडला गेलो तेव्हा मी हट्ट करून ढाणकीला गेले. बाईनं दार उघडलं. केस पांढरे झाले होते. तिशीतलीच होती, पण तशी दिसत नव्हती. कडेवर एक मुलगा होता, पदराला धरून दुसरा. "मोठी माय" म्हणत होते तिला. सवत आतल्या खोलीत खाटेवर होती, पिवळी, हळू बोलणारी. तिनं मला बसायला सांगितलं आणि बाईला म्हणाली, "ताई, त्याइले चहा ठेवता काय?" मला तिच्यावर राग काढायचा होता. काढण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. बाईलाही तिच्यात राग धरण्यासारखं काही दिसलं नसावं.

मागं अंगण होतं, विहीर होती, विहिरीला पाणी होतं. सगळीकडं शेणानं सारवलेलं, मोकळं. मी विचारलं, "एवढं पानी हाय, काही लावलं नाई बाई?"

"कोन पाईन त्याले," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नाई वहिनी. लावायले मन नाई होत आता."

तिनं माझ्या मुलीला जवळ घेतलं, तिची छाती हातानं चाचपली आणि विचारलं, "धुळीनं खोकत तर नाई ना? रात्री उशी उंच देत जाजो." मला तिनं दुपारची मोटार चुकू दिली नाही. नवरा अडतीवरून यायच्या आत मी जावं असं तिला वाटत होतं की काय, कोण जाणे. फाट्यापर्यंत सोडायला आली, मुलाला कडेवर घेऊन. "येत जा," म्हणाली. दोघींनाही माहीत होतं की मी काही येणार नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी मालकानं जिनिंग बंद केली आणि आम्ही यवतमाळला एका मोटार गॅरेजच्या मागच्या खोलीत राहायला गेलो. आमचा नवा पत्ता ढाणकीला कोणाला माहीत नव्हता. तुरीच्या हंगामात ढाणकीकडचे ट्रक गॅरेजवर दुरुस्तीला यायचे, आणि त्यातल्याच एका ड्रायव्हरनं यांना ओळखून सांगितलं, की तुमची बहीण तापानं गेली. तेरवीसुद्धा होऊन गेली होती.

हे घरी आले आणि मला काही न सांगता मोरीत जाऊन अंगावर पाणी घेतलं, कपड्यांसकट. मी विचारलं, "काय झालं? असे काहून भिजले?" ते म्हणाले, "बहिणीचं सुतक हाय." मग तसेच ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून बसले, आणि मी चुलीवरचं खाली उतरवून त्यांच्याजवळ जाऊन बसले.